स्तब्ध पडदा



पुणे जिल्ह्याच्या उत्तरेस जुन्नर व आंबेगांव हे एकमेकांस लागून असलेले तालुके. त्यांपैकीं जुन्नर तालुक्यांत, नारायणगांवाजवळच्या खोडद येथें, टाटा मूलभूत संशोधन संस्थेची रेडिओ दुर्बीण उभी आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं ती साकारली. तिच्या अँटेना 30, आणि प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. आकाशांतून येणाऱ्या क्षीण लहरी त्या टिपतात. परंतु त्या लहरींचें चित्र बनतें तें संगणकावर, आणि तेंहि पुष्कळदां तासन्‌तास चालणाऱ्या गणितानंतर. हें काम खगोलशास्त्रज्ञ बहुधा लिनक्स प्रणालीवर, आज्ञा टंकून करवून घेतात. ती आज्ञा वाचून पार पाडणाऱ्या मध्यस्थास ‘शेल’ म्हणतात.

आतां अशी कल्पना करा, कीं गणित निम्म्यावर आलें आहे आणि पडदा एकाएकीं स्तब्ध झाला. कळ दाबावी, तर अक्षर उमटत नाहीं. नवखा मनुष्य घाबरून खिडकीच बंद करतो, आणि तिच्याबरोबर आंतलें कामहि बहुधा संपतें. म्हणून हात लावण्यापूर्वीं एवढाच प्रश्न विचारावा : संगणक बंद पडला आहे, कीं कोणाची तरी वाट पाहत आहे?

पुष्कळदां वाट पाहणेंच चाललेलें असतें. कंट्रोल कळ धरून चुकून एस दाबला गेला, तर पडद्यावर मजकूर येणें थांबतें. टेलिप्रिंटरच्या काळापासून चालत आलेला हा ‘थांब’ असा संकेत आहे. ‘पुढें चल’ हा संकेत कंट्रोल-क्यू. यांत काम मरत नाहीं, फार तर मजकूर लिहिण्यापाशीं खोळंबतें. मात्र या वेळीं रागारागानें कांहींबाही टंकूं नये. तीं अक्षरें सांचून राहतात आणि सुटका होतांच आज्ञा म्हणून पाळलीं जाऊं शकतात.

दुसरें कारण असें, कीं कार्यक्रमाला आपल्याकडूनच मजकूर हवा असतो. ‘कॅट’ या आज्ञेपुढें फाइलीचें नांव न दिल्यास ती कळफलकाकडे पाहत बसते. अवतरणचिन्ह मिटवावयाचें राहिलें, तर शेल ओळीच्या आरंभीं निराळें चिन्ह दाखवून पुढील ओळ मागतो. मजकूर संपला असें सांगण्यास नव्या ओळीवर कंट्रोल-डी दाबावें. आज्ञाच सोडून द्यावयाची असल्यास कंट्रोल-सी.

कधीं संकेतशब्द विचारला जातो, तेव्हां अक्षरें मुद्दाम दिसत नाहींत. कधीं मध्येंच कोसळलेला कार्यक्रम अक्षरें दाखविणें बंद करून जातो. अशा वेळीं न दिसतांहि ‘एसटीटीवाय सेन’ ही आज्ञा टंकून एंटर दाबावें. पार्श्वभागीं सोडलेल्या कार्यक्रमाला कळफलकाची गरज पडली, तर लिनक्स त्याला थांबवितें; ‘जॉब्स’ या आज्ञेनें तो सांपडतो व ‘एफजी’नें पुढें आणतां येतो.

तरीहि उलगडा न झाल्यास दुसरी खिडकी उघडून ‘पीएस एयूएक्स’ ही आज्ञा द्यावी. अवस्थेच्या रकान्यांत ‘आर’ म्हणजे चालू, ‘एस’ म्हणजे वाट पाहणारा, ‘टी’ म्हणजे थांबविलेला. सारांश, प्रथम कंट्रोल-क्यू, मग शेवटच्या ओळीचें नीट वाचन, मग ही चौकशी. आणि कंट्रोल-सी अगदीं शेवटीं, कारण त्यानें झालेलें गणित पुष्कळदां परत मिळत नाहीं.