फळ्या किती लागतील?



आपल्या नरखेड तालुक्यात संत्र्याच्या बगीच्याचा सौदा करताना आपण झाडन्‌झाड मोजतो. पण भिंतीला फळ्या मारायच्या म्हटले की सुताराला सांगतो, "आण बाबा अंदाजाने!" कमी पडल्या तर काम अडते. जास्त झाल्या तर कापलेली फळी परत कोण घेतो? आम्हाला हे पटत नाही.

समजा, भिंत 12 फूट लांब, 9 फूट उंच आहे. एका कडेला दार, 3 फूट रुंद, साडेसहा फूट उंच. फळी सहा इंची. पण अर्धा इंच खाचेत जातो. पैसे सहा इंचांचे, भिंत झाकते साडेपाच! इथेच माणूस चुकतो.

दार सोडून रुंदी उरली 108 इंच. साडेपाचने भागा. 19 फळ्या पुरत नाहीत, 20 लागतात. दारावर अडीच फुटी 7 तुकडे. एका फळीतून तीन निघतात, म्हणजे आणखी 3 फळ्या. गाठी-भेगांसाठी दहास एक धरा, 3. एकूण 26. मागच्या पट्ट्या वेगळ्या.

वखारीत भाव घनफुटाचा. फळी इंचभर जाड असली तर दोन फळ्यांचे पाऊण घनफूट होते. मग 26 फळ्यांचे? पाऊणकी पाठ असलेल्या आजोबांना विचारा: तेरा पाऊण पावणेदहा! एवढे कागदावर लिहून न्या, आणि मगच भाव विचारा.