सैनिकाचे नाव आणि दफ्तरातील नाव

पेडणे तालुक्यातील एखादी वृद्ध विधवा डोळ्यांपुढे आणावी. तिचा पती मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होता. पंचवीस-तीस वर्षे त्याने निवृत्तिवेतन घेतले आणि एका पावसाळ्यात तो वारला. दिवसकार्य आटोपल्यावर मुलगा ट्रंक उघडतो. तळाशी मेणकापडात बांधून ठेवलेली सेवामुक्तीची पुस्तिका, जिला गावात सगळे ‘डिस्चार्ज बुक’ म्हणतात, ती तो बाहेर काढतो. आणि पाहतो तो पत्नीच्या नावाच्या रकान्यात आईचे नाव नाही. नाही म्हणावे तर आहे, परंतु ते माहेरचे. लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळांवर अंगठीने जे नवे नाव रेखले गेले, त्याच नावाने सारा गाव तिला आजवर ओळखीत आला. मतदारयादीत, शिधापत्रिकेत, आधारपत्रात तेच आहे. लष्कराच्या दफ्तरी मात्र ती अजून माहेरवाशीणच राहिली आहे. कुटुंब-निवृत्तिवेतन तर दफ्तरातील पत्नीलाच मिळावयाचे.

यात लबाडी कोणाचीच नाही. हवालदाराने लग्नानंतर पलटणीत जाऊन जे सांगितले, ते तिथल्या कारकुनाने इंग्रजीत लिहून घेतले. सैनिकाचे लग्न, मुलाचा जन्म, कुटुंबातील मृत्यू या घटना ‘पार्ट टू ऑर्डर’ नावाच्या आदेशाने नोंदल्या जातात आणि त्या नोंदीवरूनच पुढे निवृत्तिवेतनाचा आदेश तयार होतो. पहिल्या कागदात चुकलेले अक्षर मागाहून प्रत्येक कागदात इमानाने उतरत जाते. सैनिक ते वाचीत नाही. वाचले तरी साहेबाला चूक दाखवावी कशी, या संकोचाने गप्प बसतो. निवृत्तीच्या दिवशी तर घरी जाण्याची घाई.

गोमंतकात या घोटाळ्याला आणखी एक पदर आहे, आणि पेडणे-डिचोलीच्या बाजूस तो विशेष दिसतो. हे दोन्ही महाल पोर्तुगिजांच्या नव्या काबिजादींतले. डिचोली अठराव्या शतकाच्या नवव्या दशकाच्या आरंभी त्यांच्या हाती गेली आणि पेडणे १७८८ साली. पुढे जन्मनोंदणीची पुस्तके पोर्तुगीज भाषेत लिहिली जाऊ लागली. त्या लिपीची तऱ्हाच निराळी. ‘श’चा उच्चार एक्स या अक्षराने दाखवावयाचा, ‘क’ बहुधा सी या अक्षराने, आणि शेवटच्या अनुस्वारासाठी एम. म्हणूनच पेडणे गाव कागदावर ‘पेर्नेम’ झाले आणि डिचोली ‘बिचोलिम’. परबांचे ‘पोरोबो’ झाले, कामतांचे ‘कामोतिम’, शेणव्यांचे ‘सिनाय’. शंकर हे साधे नाव घ्या. पोर्तुगीज वहीत ते एक्स या अक्षराने सुरू होते, तर बेळगावच्या भरती-कचेरीत एस या अक्षराने. दोन्ही कागद एकाच माणसाचे आहेत, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. पण दूरच्या कचेरीत बसलेल्या कारकुनाला, आणि अलीकडे अक्षर जुळविणाऱ्या संगणकाला, ते दोन निरनिराळे इसम वाटतात. ख्रिस्ती घरांतूनही हेच. बाप्तिस्म्याच्या पुस्तकात ‘जुझे’ म्हणून नोंदलेला मुलगा पलटणीत सहज ‘जोसेफ’ होतो, आणि निवृत्त होऊन आल्यावर गावच्या पाद्रीबाबांकडून मिळालेला दाखला व हातातील पुस्तिका यांची तोंडे दोन दिशांना असतात.

शिवाय १९६१ पूर्वीचा काळ आठवावा. त्या वर्षीच्या १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला आणि १९६२ च्या आदेशाने येथील लोकांचे भारतीय नागरिकत्व निश्चित झाले. तत्पूर्वी पेडण्याचा तरुण हिंदी सैन्यात दाखल व्हावयाचा, तर तेरेखोलची नदी ओलांडून परमुलखात जावयाचा. अशा वेळी सावंतवाडीकडील एखाद्या मामाचा किंवा आत्याचा पत्ता सांगणे किती स्वाभाविक होते! पण तोच पत्ता कायमचा होऊन बसला, की निवृत्त सैनिक राहतो गोव्यात आणि दफ्तरी त्याचा गाव महाराष्ट्रात. सीमेवरील पत्रादेवी गावी १९५५ च्या १५ ऑगस्टला नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या सीमेपलीकडे गेलेल्या मुलाने घरचा खरा पत्ता सांगावयाचे टाळले असेल, तर त्याला दोष कोण देईल?

जन्मतारखेचे प्रकरण याहून कठीण. जुन्या काळी कित्येक जवानांचे वय भरतीच्या अधिकाऱ्याने नुसते पाहून ठरविले. महाराष्ट्रात एक जून ही हजारो लोकांची जन्मतारीख आहे. ती आईने नव्हे, शाळामास्तरांनी दिलेली असते. अशीच सोयीची तारीख सैन्यातही पडली. नावाची दुरुस्ती पुराव्यानिशी होऊ शकते, परंतु सैनिकाची एकदा नोंदलेली जन्मतारीख सेवा संपल्यावर सहसा बदलून मिळत नाही. मुलकी नोकरांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली हरनाम सिंग प्रकरणात असाच कडक दंडक सांगितला: उशिरा जागे होणाऱ्याने तारीख बदलून मागू नये.

विधवेच्या जन्मतारखेची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तिकडे फारच थोड्यांचे लक्ष जाते. निवृत्तिवेतन घेणाऱ्याला, तसेच कुटुंब-निवृत्तिवेतन घेणाऱ्या स्त्रीला, ऐंशी वर्षे पूर्ण झाली की मूळ रकमेवर २० टक्के, पंच्याऐंशीला ३०, नव्वदीला ४०, पंच्याण्णवला ५० आणि शंभरीला १०० टक्के वाढ मिळते. जुन्या आदेशांतून पत्नीची जन्मतारीख पुष्कळदा लिहिलेलीच नसे. मग ती ऐंशीची झाली हे कचेरीला कळावे कसे? घरची माणसे समजतात, वाढ आपोआप येईल. ती येत नाही, आणि आजीला काय मिळावयास हवे होते हे कोणी तपासीतही नाही.

तेव्हा दुरुस्ती करावयाची ती कोठे? निवृत्तिवेतन देणाऱ्या बँकेत खेटे घालून फारसे साधत नाही, कारण मूळ नोंद तिच्या हातात नाही. ती असते त्या त्या रेजिमेंटच्या अभिलेख-कार्यालयात. मराठा लाइट इन्फंट्रीचे ते बेळगावी आहे. अर्जावर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा आणि नाव जसे पुस्तिकेत छापले आहे तसेच, चुकीसह, लिहावे, आणि मग खरे काय ते सांगावे. पुष्कळजण अर्जातच दुरुस्त नाव लिहितात, आणि तो अर्ज कोणाच्या फायलीत घालावा हेच तेथील माणसाला उमगत नाही. सोबत दंडाधिकाऱ्यापुढे केलेले प्रतिज्ञापत्र, विवाहनोंदणीचा व मुलांच्या जन्माचा दाखला, नाव बदलले असल्यास वृत्तपत्रांतील जाहीर सूचनेची कात्रणे, आणि पती हयात असल्यास दोघांचे एकत्र छायाचित्र. जन्माचा पोर्तुगीज उतारा तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे मागावा आणि त्याचे प्रमाणित भाषांतर जोडावे. नुसता मूळ उतारा बेळगावी वाचणार कोण? पणजीच्या राज्य सैनिक मंडळाच्या कार्यालयातून अर्ज पाठविला तर कागद अपुरे पडले आहेत का, हे आधीच कळते.

अभिलेख-कार्यालयाने नोंद सुधारली की प्रकरण प्रयागराजच्या संरक्षण-निवृत्तिवेतन कचेरीकडे जाते आणि तेथून दुरुस्तीचा आदेश निघतो. यात महिने जातात, कधी वर्ष उलटते. आता ‘स्पर्श’ ही संगणकीय व्यवस्था आल्यापासून पुष्कळ कामे घरबसल्या होतात असे सांगितले जाते, आणि ते खोटे नाही. परंतु जुने चुकलेले अक्षर संगणकात गेले की ते चुकीचेच राहते, फक्त अधिक ठळक दिसू लागते.

सगळेच दोष नावाचे नसतात. शिपायाला निवृत्तिवेतनासाठी साधारणपणे पंधरा वर्षांची सेवा लागते. तिच्या दिवसांची बेरीज चुकली तर जन्मभराच्या अन्नाचा प्रश्न. वैद्यकीय मंडळाच्या कागदावर ‘सेवेमुळे नव्हे’ एवढे शब्द पडले तर अपंगत्वाचे वेतन जाते. याबाबत धरमवीर सिंग प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सैनिकाला मोठा आधार दिला: भरतीच्या वेळी रोगाची नोंद नसेल, तर तो निरोगी होता असे धरून चालावे. कचेरीने नकार दिला, तर २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. गोव्याच्या माणसाला त्यासाठी मुंबईच्या खंडपीठाकडे जावे लागते.

आणि जिथे मूळ कागदच नाहीसा झाला असेल? हे संकट केवळ आपल्याकडचे नव्हे. १९४० च्या सप्टेंबरात लंडनवर बॉम्ब पडले, तेव्हा पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश सैनिकांची बरीचशी कागदपत्रे जळाली. अमेरिकेत सेंट लुइस येथे १२ जुलै १९७३ रोजी लागलेल्या आगीत सोळा ते अठरा दशलक्ष सैनिकांच्या फायली भस्म झाल्या. तेथील माजी सैनिकांना पगाराच्या पावत्या आणि इस्पितळांच्या नोंदी गोळा करून आपले सैनिकपण पुन्हा सिद्ध करावे लागले. आपल्याकडे आग लागावी लागत नाही. जुने सेवापत्रक ठराविक मुदतीनंतर रीतसर नष्ट केले जाते आणि ‘लाँग रोल’ नावाच्या वहीतील त्रोटक नोंद तेवढी उरते.

पेडण्याच्या त्या घरी मुलाने आईच्या माहेरचा जन्माचा उतारा मिळविला, तिच्या भावाचे प्रतिज्ञापत्र घेतले, लग्नात काढलेला एक पिवळा पडलेला फोटो जोडला. मधल्या काळात घर काजूच्या चार झाडांवर आणि शेजाऱ्यांच्या उधारीवर चालते. हवालदार हयात असता तर हेच काम त्याच्या एका सहीच्या अर्जावर झाले असते. दुरुस्तीचा आदेश येईल तेव्हा त्याच्या तीन प्रती काढावयाच्या आहेत: एक बँकेसाठी, एक सैनिक मंडळासाठी, आणि एक त्या मेणकापडात.