सह्या वाढतात तेव्हा

लोकप्रशासनाच्या अभ्यासकांच्या या परिषदेपुढील विषय घोटाळ्याचा नसून घोटाळ्यानंतर काय घडते याचा आहे. गैरव्यवहार उघडकीस आला की चौकशी समिती, समितीच्या शिफारशी आणि शिफारशींमागोमाग परिपत्रके, हा क्रम प्रशासनाच्या इतका अंगवळणी पडला आहे की मुळात नियम अपुरे होते की होते तेच डावलले गेले, हा पहिला प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही.

१९५७ च्या जूनमध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंध्रा यांच्या सहा कंपन्यांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवले, तेव्हा गुंतवणुकीबाबत सल्ला देणारी समिती महामंडळाकडे होतीच. व्यवहार मात्र तिला न विचारता उरकण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी उघड चौकशी करून सुमारे महिनाभरात अहवाल दिला आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना १९५८ च्या फेब्रुवारीत पद सोडावे लागले. चौकशीची ही गती आज नवलाची वाटते. निर्णयाशी संबंधित माणसे मोजकी होती आणि कोणाला काय विचारायचे हे स्पष्ट होते, हे तिचे एक कारण मानावे लागेल.

पुढे १९६२ मध्ये के. संथानम यांच्या अध्यक्षतेखाली भ्रष्टाचार प्रतिबंधक समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशीवरून १९६४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोग अस्तित्वात आला. ‘दक्षता’ म्हणजे येथे लोकसेवकांविरुद्धच्या भ्रष्टाचाराच्या तक्रारींची दखल घेऊन कारवाईचा सल्ला देणारी यंत्रणा. याच समितीने कामातील विलंब हे भ्रष्टाचाराचे एक कारण असल्याचे नोंदवले होते आणि फाइल पुढे सरकावी म्हणून द्यावा लागणारा पैसा, म्हणजे ‘स्पीड मनी’, याकडेही बोट दाखवले होते. आयोग उभारणे सोपे होते, ते झाले. विलंबाचे दुखणे मात्र मागे राहिले, आणि नव्या तपासण्यांनी त्यात भरच घातली.

कोळसा खाणपट्ट्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये २१४ वाटपे रद्द केली. त्यानंतर धास्ती पसरली ती भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील एका उपकलमाची, ज्यात लोकहित नसताना एखाद्याला आर्थिक लाभ मिळवून देणे हाच गुन्हा होता आणि अधिकाऱ्याने स्वतः पैसा घेतल्याची अट नव्हती. संसदेने २०१८ मध्ये ते उपकलम वगळले आणि शासकीय निर्णयांबाबतच्या चौकशीपूर्वी सक्षम प्राधिकाऱ्याची मंजुरी घेण्याचे कलम १७अ आणले. पण धास्तीने लागलेली सवय कायद्याच्या दुरुस्तीने सुटत नाही.

ती सवय नस्तीच्या टिप्पणी भागात दिसते. कक्ष अधिकारी मसुदा मांडतो, अवर सचिव ‘सहमत’ लिहितो, उपसचिव ‘कृपया चर्चा करावी’ असा शेरा मारतो, तेथून प्रकरण ‘वित्त विभागाच्या अभिप्रायार्थ’ जाते आणि परतताना दोन नव्या पताका लावून येते. प्रत्येक सही ही जबाबदारी घेतल्याची खूण मानली जाते, पण सह्या आठ झाल्या की जबाबदारीचे आठ तुकडे होतात आणि एकही तुकडा कोणावर शाबीत करता येईल एवढा मोठा उरत नाही. लबाडाला अशी नस्ती आडोसाच देते. अडतो तो निर्णय घेऊ पाहणारा सरळ अधिकारी.

महाराष्ट्राने या दुखण्यावरही कायद्याचेच औषध काढले, हे विशेष. बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्यातील विलंबास प्रतिबंध करणाऱ्या २००५ च्या अधिनियमानुसार कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ प्रलंबित राहता कामा नये. हेतू उत्तम होता. परंतु कायदा दिवस मोजतो, निर्णय मोजत नाही, त्यामुळे सातव्या दिवशी एखादी त्रुटी काढून नस्ती खाली परत पाठवली की मुदतही पाळली जाते, नोंदवहीही स्वच्छ राहते आणि मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते.