घंगाळ काचेच्या कपाटात

संग्रहालय म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं तलवारी, तोफा आणि राजे-महाराजे येतात. तिथं आपलं काय काम? आमच्या बचत गटाची सहल निघाली तेव्हा आळंदी-देहूला सगळ्या लगेच तयार झाल्या. पुण्यातल्या केळकर संग्रहालयाचं नाव निघालं, तेव्हा मात्र नाकं मुरडली. ‘तिकीट काढून जुनी भांडी बघायची होय?’ पण दर्शन आटोपल्यावर अर्धा दिवस हाताशी होता, म्हणून गेलो.

बाजीराव रस्त्याजवळ, शुक्रवार पेठेत ही इमारत आहे. राजा दिनकर केळकर संग्रहालय. यातला राजा म्हणजे गादीवरचा राजा नव्हे बरं का. दिनकर केळकरांचा एकुलता एक मुलगा राजा, सात वर्षांचा होऊन गेला. त्याच्या नावानं हे सगळं उभं आहे. केळकर ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहायचे. १९२०च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवायचा नाद लागला, तो १९९० साली डोळे मिटेपर्यंत सुटला नाही. पत्नी कमलाबाईंची साथ होती. वीस हजारांहून जास्त वस्तू जमवल्या आणि सगळ्या सरकारला देऊन टाकल्या.

आणि वस्तू कोणत्या? दिवे, समया, अडकित्ते, फण्या, कुंकवाचे करंडे, स्वयंपाकाची भांडी. अडकित्ता म्हणजे सुपारी कातरायचं साधन, पण कुठं त्याचा पक्षी केलाय, कुठं घोडा. एका कपाटापुढं कॉलेजच्या दोन मुली विचारात पडल्या होत्या, हे खेळणं असेल का? आमच्यातल्या सत्तरीच्या आजी पुढं झाल्या. “अगं, ही वज्री. न्हाताना टाचा घासायची. माझ्या आईकडं मोराची होती.” मग तासभर आजीच बोलत होत्या. पोरी ऐकत होत्या आणि आम्हीही. आम्हाला तरी यातलं निम्मं कुठं ठाऊक होतं!

पितळी भांड्यांपुढं मात्र त्या गप्प झाल्या. १९७२च्या दुष्काळात लाल मिलो खाऊन दिवस काढलेली बाई ती. आंदणातलं घंगाळ तेव्हा मोडीत घातलं होतं, वजनावर. आपल्या भागातल्या कितीतरी घरांतली तांब्या-पितळेची भांडी त्या सालात अशीच गेली.

एक गोष्ट आम्हाला खटकली. भांडं कोणतं, कुठलं, किती जुनं हे कळतं. ते रोज चिंचेनं घासणारी कोण, हे कुठून कळणार? केळकरांनाही ते कुणी सांगितलं नसेल. परतीच्या गाडीत एकजण म्हणाली, आपला कोयता कधी ठेवतील का गं असा? सगळ्या हसल्या, मग हसू ओसरलं. ऊसतोडीला मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. बाईचं नाव तिथंही वेगळं नसतं.

म्हणून गटाच्या वहीत आता मागची पानं राखून ठेवली आहेत. प्रत्येकीनं आईला किंवा सासूबाईंना विचारून एका वस्तूची हकीकत लिहायची. नाव काय, कुणी आणली, कशाला वापरायची, विकली तर कोणत्या अडचणीला. पहिलं पान घंगाळाचं आहे. जिला लिहिता येत नाही तिची हकीकत दुसरी लिहून घेते, पण वर नाव सांगणारीचंच.

पुणं लांब पडत असेल तर धाराशिव जिल्ह्यातलं तेर आहे. गोरोबाकाकांच्या दर्शनाला आपण जातोच. तिथं रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंचं सरकारी संग्रहालय आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या सातवाहन काळातले मणी, मातीच्या मूर्ती, शंखाच्या बांगड्या तिथल्याच मातीत सापडल्या. निघण्याआधी संग्रहालय उघडं आहे का, याची चौकशी करा. गटातली एखादी म्हातारी सोबत घ्याच, आणि ती कुठं थांबली तर घाई करू नका.