शुक्रावरील ज्वालामुखी



शुक्राची जमीन दाट ढगांमुळे दिसत नाही. म्हणून मॅगेलन यानाने रडारच्या साहाय्याने तिची चित्रे घेतली. फेब्रुवारी १९९१ मध्ये माट मॉन्स पर्वतावरील ज्वालामुखीचे एक तोंड सुमारे २ चौरस किलोमीटर होते. ऑक्टोबरमध्ये ते जवळजवळ दुप्पट झाले. शुक्राच्या पोटातील आग विझलेली नाही, याचा हा पुरावा! परंतु तो जगापुढे आला २०२३ साली. रॉबर्ट हेरिक या शास्त्रज्ञांनी तीच जुनी चित्रे शेजारी शेजारी ठेवून चिकाटीने ताडून पाहिली.

विद्यार्थ्यांनो, न उमगलेला धडा पुन्हा वाचा. पालकहो, एकदा नापास झालेल्या मुलामुलींची शाळा सोडवू नका. त्यांच्याकडेही पुन्हा एकदा नीट पाहा.