जुनं विमान, जुनी पाठ
(युवक मेळाव्यात केलेलं भाषण)



मला बोलावलंय कवितेवर बोलायला. मी बोलणार आहे जुनं विमान कसं विकत घेतात यावर. हसा, हसून घ्या. मीबी आधी हसलोच होतो.

विमान म्हंजे पाचशे माणसांचं नव्हे. शेठलोकांचं, आठेक खुर्च्यांचं, मधल्या आकाराचं. उदाहरणार्थ हॉकर ८०० एक्सपी. त्याचा मूळपुरुष, ब्रिटिश डी हॅविलंड १२५, १९६२ साली पहिल्यांदा उडाला. बनवणारी अमेरिकन कंपनी २०१२ साली दिवाळखोरीत गेली. नवी बनणं बंद झालं. पण जुनी उडतात आणि हातोहात विकली जातात.

गिऱ्हाईक आधी आशयपत्र देतं. अनामत तिसऱ्याच माणसाच्या ताब्यात राहते. मग विमान तपासणीला जातं, तेही विकणाऱ्याच्या नव्हे, तिऱ्हाईत कारखान्यात. फरशीखालच्या पट्ट्या उचकटून गंज शोधतात. इंजिनाच्या पोटात बारीक नळी घालून पातं न् पातं बघतात. आणि सगळ्यात आधी मागतात लॉगबुक. किती तास उडालं, किती वेळा उतरलं, कुठं आपटलं, कोणता भाग कधी बदलला, सही कुणाची. चोपडीतली वर्षं गहाळ असली तर धडधाकट विमानाचीही किंमत पडते.

पुढं ओक्लाहोमा सिटी. अमेरिकेतल्या विमानांचं नोंदणीदफ्तर तिथं आहे. आपल्याकडं सातबाऱ्यावर बोजा बघतात, तसं कर्ज बघतात. तिथल्या बऱ्याच राज्यांत दुरुस्तीची मजुरी थकवली तर कारखान्याचा हक्क विमानावर चढतो. ऐकताय ना? थकलेली मजुरी यंत्राच्या मानेवर बसते! आमची बुडालेली हजेरी कुणाच्या मानेवर बसली आजवर?

आता खरी मेख. तिथल्या २०१७ च्या कायद्यानं जुन्या विमानाचीही पूर्ण किंमत पहिल्याच वर्षी घसारा म्हणून उत्पन्नातून वजा करायची मुभा दिली. एक अट अशी, वापर मुख्यतः धंद्यासाठी पाहिजे. २०२३ पासून सवलत दरवर्षी उतरत गेली. २०२५ च्या कायद्यानं ती परत शंभर टक्के केली, आणि कायमची. म्हंजे शेठनं विमान घ्यायचं आणि सरकारनं कर सोडायचा. का? तर यंत्र झिजतं.

यंत्र झिजतं, हे सरकारला कळतं. पाठ झिजते, हे कुणाला कळतं?

मी गोदीत पाठीवर ओझं वाहतो. माझ्या टोळीतल्या एका म्हाताऱ्याचा मणका सरकला. मुकादमानं विचारलं, इथंच कामावर सरकला याला पुरावा काय? तीस वर्षं त्यानं किती टन वाहिलं, कितीदा पडला, कुठं लिहिलंय? कुठंच नाही. विमानाच्या एका बोल्टालाही जन्मदाखला असतो. म्हाताऱ्याचं लॉगबुक कोरं.

आणि आमचं जे एकच पान व्यवस्थेनं न चुकता भरलं, ते कुठलं? जातीचं. विमान विकलं की रंग बदलतो, शेपटीवरचा नोंदणी नंबर बदलता येतो. कारखान्यानं ठोकलेला अनुक्रमांक तेवढा मरेपर्यंत तोच. आमच्यातल्या कितीकांनी आडनाव बदललं, गाव सोडलं. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी धर्म बदलून दिला. तरी खोली भाड्यानं मागायला गेलं की मालक अनुक्रमांकच चाचपतो. विमानाचा नंबर बघतात ते माणसं मरू नयेत म्हणून. आमचा बघतात तो आम्हाला दारातच मारायला.

तर कवितेवर बोलायचं राहिलं, असं समजू नका. मी कवितेवरच बोललो. आपलं लॉगबुक दुसरा कुणी भरणार नाही. तारीख लिहा, ठिकाण लिहा, वजन लिहा, मुकादम काय बोलला ते लिहा. मजुरीची चिठ्ठी जपून ठेवा. कविता जमली तर कविता लिहा, नाही जमली तर नुसती नोंद लिहा. पण खाली सही करा, पुऱ्या नावानं.

म्हाताऱ्याची तीस वर्षं मी आता त्याच्याकडून ऐकून उतरवतोय. सध्या सातव्या वर्षावर आहोत.

जयभीम.