घाट चढण्याआधी

बोरघाट चढण्याआधी आमचे अब्बा खोपोलीत ट्रक उभा करत. इंजिन निवेपर्यंत, रेडिएटरमध्ये पाणी भरेपर्यंत नाश्ता. पहिला बटाटेवडा क्लीनरला, दुसरा मला. "मला भूक नाही," म्हणत अब्बा चहावर भागवत.

तिकडे कर्जत स्टेशनातही हीच रीत. घाटासाठी गाडीला मागून जादा इंजिनं लागेपर्यंत प्रवासी फलाटावर दिवाडकरांचा वडा खात. चढण होती, म्हणून थांबणं होतं.

२००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, खोपोली बाजूला राहिली. मी मात्र जुन्याच रस्त्याने जातो. आजची गाडी तापत नाही, तरी रमाकांतकडे थांबतो. अब्बांना भूक असायची, हे मला बाप झाल्यावर कळलं. पहिला वडा मी ड्रायव्हरपुढे सरकवतो.